भुयारातली उमेदवारी

रेल्वेगाडी चालविणे हे जगातील सर्वांत सोपे काम असले पाहिजे, असा एक दृढ समज सुशिक्षित माणसांत आढळतो, आणि त्याच्या पुष्ट्यर्थ मांडला जाणारा युक्तिवाद प्रथमदर्शनी बिनतोड वाटतो: रूळ आधीच घातलेले असतात, वळण आले तर रूळच वळतात, हाती सुकाणू नसते, आणि समोरून सायकलस्वार, म्हैस अथवा वरात येण्याचा संभव नसतो, तेव्हा चालकाने तेथे बसून करावयाचे ते काय? आमच्या भाच्याने न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत चालकाची नोकरी धरली तेव्हा आमच्या आप्तवर्गातील एका सेवानिवृत्त प्राध्यापकांनी हा प्रश्न भर पंक्तीत विचारला, आणि या नोकरीसाठी अर्ध्या वर्षाहून अधिक काळ शिक्षण द्यावे लागते हे ऐकताच पाश्चात्य संस्कृतीच्या ऱ्हासाचे एक गमक म्हणून त्यांनी त्याची नोंद घेतली. आमची हयात महसूल खात्यात गेल्यामुळे, ज्या कामात वरकरणी काहीच करावयाचे नसते त्याच कामाला सर्वांत जाड नियमपुस्तक लागते हे आम्ही जाणून होतो, म्हणून आम्ही मठ्ठ्याची वाटी पुढे करून गप्प राहिलो. पुढे क्वीन्स भागात बहिणीकडे एक अख्खा हिवाळा काढण्याचा योग आला, भाच्याच्या तोंडून त्या विद्येचा तपशील कळला, आणि प्राध्यापकांचे चुकते कोठे हे ध्यानात आले. गाडी चालू करण्यास कोणीही दहा मिनिटांत शिकेल. ती थांबविता यावी आणि जेथे थांबवावयाची तेथेच थांबविता यावी, यासाठी बाकीचे सगळे महिने खर्ची पडतात.

या बाबतीत त्या शहराचा पूर्वेतिहास उद्बोधक आहे. २७ ऑक्टोबर १९०४ रोजी पहिली भुयारी गाडी सुटली तेव्हा नगराध्यक्ष जॉर्ज मॅक्लेलन यांच्या हाती चांदीचे हँडल देण्यात आले होते. अपेक्षा इतकीच की त्यांनी गाडीला शुभारंभाची गती द्यावी आणि हँडल जाणत्या मोटरमनच्या स्वाधीन करून आपल्या आसनावर स्थानापन्न व्हावे. आमच्याकडील उद्घाटक फीत कापून कात्री निमूटपणे तबकात ठेवतो. मॅक्लेलनसाहेबांनी मात्र हँडल सोडण्यास साफ नकार दिला आणि नगरभवनापासून १०३ व्या रस्त्यापर्यंत गाडी स्वतः हाकली. कंपनीचे वरिष्ठ अधिकारी शेजारी उभे राहून, आपण थकला असाल, असे अदबीने सुचवीत होते. त्या अदबीमागील घालमेल, वरिष्ठांना न दुखविता त्यांच्या हातून मसुदा काढून घेण्याचा प्रयत्न ज्याने कधी केला असेल त्यालाच कळेल. सुदैवाने त्या दिवशी काही विपरीत घडले नाही. तेव्हा त्या भुयारातील पहिला अप्रशिक्षित चालक हा त्या शहराचा प्रथम नागरिकच होता, हे दप्तरी नमूद आहे.

दुसरा प्रसंग विनोदाचा नाही. १ नोव्हेंबर १९१८ रोजी ब्रुकलिनमधील एका खासगी रेल्वे कंपनीच्या मोटरमननी संप पुकारला असता कंपनीने पाळ्या लावणाऱ्या एका कर्मचाऱ्याला, जुजबी तोंडओळखीच्या भांडवलावर, लाकडी डब्यांची गाडी देऊन संध्याकाळच्या गर्दीत रवाना केले. माल्बोन रस्त्यानजीकच्या वळणावर ताशी सहा मैलांची मर्यादा होती. गाडी तीत कित्येक पट वेगाने शिरली आणि नव्वदांहून अधिक माणसे प्राणास मुकली. पुढे त्या रस्त्याचे नाव बदलण्यात आले. नामांतराने भूतकाळाची विल्हेवाट लावण्याची कला आपल्याकडेच उपजली असा ज्यांचा अभिमान असेल त्यांनी तो थोडा आवरता घ्यावा.

तिसरा इसम आमच्या भाच्याचा विशेष लाडका आहे, आणि त्याच्या शिक्षकांचा तितकाच नावडता. मे १९९३ मध्ये सोळा वर्षांच्या एका मुलाने फोनवरून एका खऱ्या चालकाचे नाव सांगून काम मागितले, हजेरी लावली, आणि ए मार्गाची गाडी उतारूंसह तीन तासांहून अधिक वेळ व्यवस्थित चालविली. गाड्यांची नियमपुस्तके त्याने मन लावून वाचली होती. प्रत्येक स्थानकावर तो थांबला. कोणाही उतारूची तक्रार आली नाही. शेवटी एका वळणावर वेग मर्यादेपलीकडे गेला, यंत्रणेने आपण होऊन ब्रेक लावले, चौकशीस अधिकारी आले आणि बिंग फुटले. या तिन्ही प्रसंगांचा बोध त्या खात्याने असा घेतलेला दिसतो की हँडलवर बसलेला माणूस हा नगराध्यक्ष, कारकून अथवा शाळकरी मुलगा असू शकतो, आणि तो यांपैकी कोणीही असला तरी उतारू घरी पोहोचले पाहिजेत. तेथील समग्र शिक्षण व समग्र यंत्ररचना या एका गृहीतावर उभी आहे.

अविश्वासाचा आरंभ अर्थातच परीक्षेपासून होतो. लेखी परीक्षा, तिचे गुण, गुणानुक्रमे यादी, आणि मग त्या यादीत आपला क्रमांक येईपर्यंत वर्षानुवर्षे प्रतीक्षा. इतका वेळ जातो की उमेदवाराने आपण अर्ज का केला होता हे विसरावे. क्रमांक आला की वैद्यकीय तपासणी. तीत रंग ओळखता येतात की नाही हे पाहतात ते यथायोग्यच, कारण तांबडा व हिरवा यांत ज्याला अभेद दिसतो असा अद्वैती मनुष्य वेदान्तात शोभला तरी भुयारात उपयोगाचा नाही. लघवीचीही तपासणी होते, आणि ती पुढे नोकरीभर, पूर्वसूचना न देता, होत राहते.

त्यानंतर उमेदवारांना गाडी दाखवतील अशी आमची भाबडी कल्पना. प्रत्यक्षात त्यांना प्रथम भुयारातून पायी चालवितात. अंगात चकचकीत रंगाचे जाकीट, हातात विजेरी, डोळ्यांवर संरक्षक चष्मा. गाडी ज्या दिशेने येणार तिकडे तोंड करून चालावे. रुळावर पाऊल कदापि ठेवू नये, तो ओलांडावा. फळीखाली झाकलेला तिसरा रूळ सुमारे सहाशे व्होल्टांचा असून त्याच्याशी परिचय एकदाच होतो. निळा दिवा जेथे दिसेल तेथे वीज तोडण्याची पेटी आणि टेलिफोन असतो. भिंतीवर तांबडे-पांढरे तिरपे पट्टे असतील तर तेथे गाडी व भिंत यांच्यामध्ये माणसाला जागा नाही असे समजावे. ही शेवटची सूचना भाच्याने आम्हांस घरी प्रात्यक्षिकासह समजावून दिली, फ्रिज व भिंत यांच्यामधील फटीत आम्हांला उभे करून तो म्हणाला, "मामा, तुम्ही इथे मावत नाही, म्हणजे इथे पट्टे हवेत." बहिणीने तेव्हापासून त्या फटीत केरसुणी ठेवणे बंद केले आहे.

मग येते ते यंत्र. चालकाच्या कोठडीतील हँडल हाताने सतत दाबून धरावे लागते. हात सुटला की ब्रेक लागतात. चालकास मूर्च्छा आली, झोप लागली किंवा त्याचे देहावसान झाले तरी गाडी बेवारस धावू नये, हा त्यातील हेतू होय. मुंबईच्या लोकलमध्येही हीच तजवीज आहे आणि तिचे नाव डेडमन हँडल, तेव्हा मोटरमनच्या मृत्यूची शक्यता गृहीत धरूनच त्याच्याशी रोजचा व्यवहार करावा यात पूर्व-पश्चिम भेद नाही. आमच्या खात्यात हे तत्त्व उलट दिशेने लागू होते: अंमलदार हयात नसला तरी प्रकरण चालू राही.

तेवढ्यावर विश्वासून न राहता रुळालगत एक पिवळा दांडा बसविलेला असतो. सिग्नल तांबडा असेल तोवर हा दांडा उभा राहतो. त्या अवस्थेत गाडी पुढे गेली की तो डब्याखालच्या एका खटक्यावर आदळतो, ब्रेकच्या नळीतील हवा सुटते आणि गाडी जागच्या जागी थांबते. मग चालकाने रेडिओवरून नियंत्रण कक्षास वर्दी द्यावयाची, परवानगी मिळाल्यावर खाली उतरून खटका पूर्ववत करावयाचा, आणि जबाबाची मनात जुळवाजुळव करावयाची. पण खरी कमाल आहे ती घड्याळावर चालणाऱ्या सिग्नलांची. उतार किंवा वळण आले की पुढचा दिवा मुद्दाम तांबडा ठेवलेला असतो; गाडी नेमून दिलेल्या वेगाच्या आत असेल तरच तो ऐन वेळी, चालकाच्या छातीत धस्स झाल्यानंतर, सौम्य होतो. म्हणजे ज्याला आयुष्यभर शिकविले की तांबडे दिसताच थांब, त्याला आता शिकवावयाचे की तांबड्याच्या दिशेने धीराने चालत राहा, तुझे आचरण शुद्ध असेल तर मार्ग मोकळा होईल. असा दिव्याचा प्रकार आपल्या जुन्या न्यायपद्धतीत होता, तो तेथे रोज हजारो वेळा होतो. जून १९९५ मध्ये विल्यम्सबर्ग पुलावर झालेल्या टकरीनंतर अशा सिग्नलांची संख्या पुष्कळ वाढली. पुढे २०१८ च्या सुमारास तपासणी केली तेव्हा त्यांपैकी अनेकांचे घड्याळच चुकीचे असल्याचे आढळले: पाटीवर लिहिलेल्या वेगाने गेले तरी दांडा उभाच असे. चालकांना हे अर्थातच आधीपासून ठाऊक होते. पाटीवर वीस असेल तर पंधराने जावे, हे नियमपुस्तकात न सापडणारे ज्ञान जुना चालक नव्याला कोठडीत हळू आवाजात देत असे. सरकारी दर आणि बाजारभाव यांतील तफावत सांभाळण्यात ज्यांनी जन्म काढला त्यांना यात नवल वाटणार नाही.

हे जुने चालक म्हणजे या शिक्षणाचा उत्तरार्ध होय. वर्गातील धडे आणि यार्डातील कवायत, म्हणजे डबे जोडणे, तोडणे, हातब्रेक कसणे, न मिटणारे दार बंदोबस्तात टाकणे, आटोपल्यावर उमेदवाराला एकेका मार्गावर एकेका मुरलेल्या चालकाच्या हवाली करतात. प्रत्येकाची रीत निराळी. एक जण फलाटात शिरताना ब्रेक एकदाच लावतो आणि सोडीत सोडीत थांबतो; दुसरा त्याला हेळसांड मानतो. काल शिकलेले आज विसरावे, आणि उद्या परवाचे पुन्हा आठवावे, ही गुरुपरंपरा भाच्याने इमानेइतबारे पाळली. सर्वांचे एकमत एकाच मुद्द्यावर: दहा डब्यांची गाडी असेल तर दहाच्या आकड्याच्या पाटीसमोरच कोठडी उभी राहिली पाहिजे. चार पावले अलीकडे थांबली तर मागच्या डब्यातील उतारूंना दार उघडताच भुयाराचे दर्शन घडेल.

आणि त्याने बरोबर थांबविली यावरही कोणाचा विश्वास नाही. गाडीच्या मध्यावर कंडक्टर असतो. त्याच्या खिडकीसमोर फलाटावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची एक फळी टांगलेली असते, आणि गाडी थांबली की दारे उघडण्यापूर्वी त्याने त्या फळीकडे प्रत्यक्ष बोट दाखवावयाचे असते. जपानी रेल्वेच्या पद्धतीवरून घेतलेला हा नियम १९९६ पासून तेथे लागू आहे. आम्ही फलाटावर उभे राहून हा विधी पुष्कळदा पाहिला. लग्नात नवरदेव अरुंधतीच्या दिशेने जितक्या श्रद्धेने बोट करतो, तारा दिसो वा न दिसो, तितक्याच श्रद्धेने तो धिप्पाड कंडक्टर त्या फळीकडे बोट करीत होता. फरक इतकाच की नवरदेवाला हे एकदा करावे लागते आणि याला पाळीत शेकडो वेळा. २०१३ साली काही वात्रट तरुणांनी या फळीखाली फलक धरले होते: आपण मदनाचा पुतळा असाल तर येथे बोट दाखवा, अशा अर्थाचे. नियमापुढे निरुपाय, एकामागून एक कंडक्टर येत आणि लाजत, हसत, क्वचित गंभीरपणे, बोट दाखवून जात.

एक प्रसंग असा आहे की ज्यावर शिक्षणवर्गात बोलले जाते आणि जुने चालक मुळीच बोलत नाहीत. गाडीखाली माणूस आला तर रेडिओवर त्याला "बारा-नऊ" म्हणतात. भाच्याने तो आकडा सांगितला आणि विषय बदलला. आम्हीही बदलतो.

शिक्षण संपून उमेदवार रुजू झाला की त्याला वाटते आता आपली एक गाडी, एक वेळ, एक मार्ग असेल. मिळते ते एक्स्ट्रा लिस्टवरील स्थान. मुंबईच्या गिरण्यांत ज्याला बदली म्हणत तोच हा प्रकार: जो आजारी पडेल, रजेवर जाईल, ज्याच्या घरी नातवंड जन्माला येईल, त्याच्या जागी उभे राहावयाचे. आज मध्यरात्री ब्राँक्समधून सहा क्रमांकाची गाडी, उद्या दुपारी दोन क्रमांकाची, परवा यार्डात रात्रभर रिकामे डबे इकडून तिकडे. ठरावीक मुदतीने सर्व पाळ्यांची निवड होते आणि ती निव्वळ सेवाज्येष्ठतेने. यादीत जो शेवटचा त्यालाही निवडीचा हक्क पूर्ण असतो, निवडण्याजोगे काही शिल्लक नसते इतकेच. शनिवार-रविवारची सुट्टी ज्येष्ठांकडे, सकाळच्या पाळ्या ज्येष्ठांकडे. भाच्याच्या वाट्याला रात्र, आणि सुट्टीस मंगळवार-बुधवार. पहाटे तीनला मिळणाऱ्या मधल्या सुट्टीत तो आईने दिलेली थालीपिठे खातो. ते न्याहारी की रात्रीचे जेवण, यावर मायलेकरांत मतभेद आहे.

रात्री गाड्या बंद ठेवाव्यात, ही कल्पना त्या शहरास मानवत नाही. २०२० ते २०२१ या साथीच्या काळात मध्यरात्रीनंतर काही तास उतारूंना बंदी झाली, तरी गाड्या धावतच राहिल्या. रिकाम्या गाड्या वेळापत्रकानुसार स्थानकास्थानकावर थांबत, दारे उघडत, कोणी उतरत नसे, कोणी चढत नसे, कंडक्टर फळीकडे बोट दाखवी आणि गाडी पुढे जाई. शुद्ध प्रशासनाचे इतके निर्मळ स्वरूप आमच्या खात्यातही आमच्या पाहण्यात आले नाही.

या सगळ्यात आम्हांस भाच्याचा हेवा वाटला तो एकाच गोष्टीसाठी. सहा क्रमांकाची गाडी दक्षिण टोकाला उतारू उतरवून परत फिरते ती १९०४ च्या मूळ नगरभवन स्थानकाच्या वळणावरून. हे स्थानक १९४५ च्या अखेरीस बंद झाले, कारण त्याचा फलाट इतका वक्र की लांब गाड्यांची दारे व फलाट यांत मोठी फट पडे. पण ग्वास्ताविनो पद्धतीच्या फरशांच्या कमानी, काचेची छतगवाक्षे आणि पितळी झुंबरे अजून तेथे आहेत. आम्ही गाडीतच बसून राहून ते पाहिले, चाके इतकी किंचाळत होती की कौतुकाचा शब्दही ऐकू येऊ नये. "मामा, कसं वाटलं?" असे भाच्याने नंतर विचारले. आम्ही म्हणालो, फलाट सुंदर आहे, तो बंद करण्याचे कारणही पटले. तो म्हणाला, "मी पाहतच नाही. वळणावर वेगाकडे लक्ष ठेवावं लागतं."

सात क्रमांकाच्या आणि एल मार्गावर आता संगणकच गाडी चालवतो व थांबवतो, चालक त्यावर नजर ठेवतो. म्हणजे इतकी वर्षे यंत्राने माणसावर पाळत ठेवली, आता माणसाने यंत्रावर ठेवावयाची. विश्वास कोणाचाच कोणावर नाही, आणि लक्षावधी लोक त्याच भरवशावर डुलक्या घेत कामावर जातात. सात क्रमांकाची गाडी जॅक्सन हाइट्सला रस्त्यावरील पुलावरून जाते. खाली साड्यांची आणि किराणामालाची दुकाने आहेत. बहीण मैत्रिणींसह तेथे खरेदीला येते, आणि कोठडीत आपलाच मुलगा असेल या आशेने ती येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या तोंडाकडे पाहते. त्याची पाळी रात्रीची असते, हे तिला ठाऊक आहे.

पण तिच्यापुढे खरा प्रश्न निराळा आहे. मुलगा लग्नाचा झाला. मैत्रिणींचे मुलगे डॉक्टर व संगणकतज्ज्ञ आहेत; आपला मुलगा शहराच्या वाहतूक यंत्रणेत जबाबदारीच्या जागी आहे, असे ती सांगते, आणि ते अक्षरशः खरे आहे. न्यू जर्सीच्या एका मंडळींनी रस दाखविला, नोकरी कायम की बदली असा खोचक प्रश्न केला, आणि मुलाला घेऊन रविवारी या असे निमंत्रण दिले. रविवार अर्थात शक्य नव्हता. मंडळींना कामाचे दिवस मोडवेनात. बहिणीने पंचांग काढून मंगळवार-बुधवारचे मुहूर्त शोधले तर मंगळवार तिलाच पसंत पडेना. "दादा, तुझ्या साहेबी इंग्रजीत त्यांच्या वरिष्ठांना एक अर्ज लिही ना," असे तिने आम्हांला सांगितले, आणि अर्जाने सेवाज्येष्ठता बदलत नाही हे तिला समजावता समजावता आमचा परतीचा दिवस आला.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. शिकाऊंची नवी तुकडी शिकून बाहेर पडली, त्यांची नावे यादीत भाच्याच्या नावाखाली लागली, आणि नव्या निवडीत त्याला बुधवार-गुरुवार सुट्टी मिळाली. गुरुवारचे मुहूर्त तिने त्याच रात्री काढून ठेवले, आणि मुलाला बढती मिळाल्याचे न्यू जर्सीला सकाळी कळविले.